पावसाळी सायकल टूरसाठी कुठली बॅग घ्यावी?

जुलैत आंबोली घाट चढायचा असेल तर वॉटरप्रूफ पॅनियरच (कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग) घे, तिथे काटकसर नको. वॉटर-रिपेलंट कापडावरून एखाद्या सरीचं पाणी ओघळून जातं, पण दिवसभर झोडपलं की शिवणीतून, चेनमधून आत शिरतंच. रेनकव्हरही पुरत नाही. चाकाने उडवलेला चिखल मागून, खालून येतो. दुकानात बॅग आतून उलटी करून बघ, शिवणीला टाके दिसतात की वेल्डिंग, म्हणजे उष्णतेने चिकटवलेला बिनटाक्याचा जोड? वेल्डिंगच हवं. रोल-टॉपचं, म्हणजे गुंडाळून बंद करायच्या बॅगेचं तोंड निदान 3 वेळा गुंडाळलं गेलं पाहिजे, म्हणून गच्च भरू नकोस. ओले कपडे मात्र वेगळे ठेव, आत हवा खेळत नाही, कुबट वास सुटतो.

डिसेंबरात किनाऱ्याने गोव्याला जाणार असशील तर रिपेलंट पुरे, कप्पेही बहुधा जास्त मिळतात.