मुलांच्या कॉलेजचा खर्च: आईबापांनी किती पेलावा?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची ऊसशेती आहे. मुलाला पुण्यात खासगी कॉलेजात इंजिनिअरिंग करायचंय. चार वर्षांचा खर्च दहा लाखांवर जातोय. वीस गुंठे विकावेत का?

विकू नका. आईबापांनी खर्च उचलावा, असंच माझं मत आहे; पण तो चालू उत्पन्नातून, म्हातारपणाचा आधार मोडून नव्हे. मुलाला पगार किती मिळेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. विकलेली जमीन मात्र परत घेणं होत नाही.

शैक्षणिक कर्ज बघा. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागतं, त्यापुढं तारण मागतात. हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. तुमचा वाटा तिथं घाला. उसाचं बिल जमा झालं की तेवढं व्याज भरत चला. मुद्दल मुलगा फेडेल. सहकर्जदार म्हणून तुमचीही सही असते. हप्ता थकला तर बँक तुमच्याही दारात येणार. हे मुलाला प्रवेशाआधी आकड्यांसकट सांगा. घरची ओढाताण पोरांपासून लपवायची आपल्याकडं सवय आहे, त्यामुळं पोरं आंधळेपणानं कॉलेज निवडतात. कोल्हापुरात प्रवेश मिळत असेल तर राहण्याजेवणाचे किती वाचतात, हेही त्यालाच मांडू द्या.

प्रश्न : मी कागलची, बारावी सायन्स झाले. दादाच्या इंजिनिअरिंगची फी बाबांनी भरली. मला म्हणतात, बी.ए. कर, तुझ्या लग्नाला पैसे ठेवायचेत.

बाळ, हा अन्याय आहे. आधी पैशाचं बघू. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्यात पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच (कॅप) हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ, प्रवेश झाला की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भर. म्हणजे बाबांवर मुख्यतः हॉस्टेल आणि पुस्तकांचाच भार राहील.

बाबांनाही सांगतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये निर्वाहाच्या व्याख्येतच शिक्षण आहे, आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी आईवडिलांवर आहे. लेकीला कोर्टाची पायरी चढायला मी सांगणार नाही. पण शाहू महाराजांनी मुलगा गेल्यावर विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. त्यांच्याच जिल्ह्यात शिकायची जिद्द असलेल्या पोटच्या पोरीला फी नाकारावी, हे मला सहन होत नाही. लग्नासाठी साठवलेले पैसे तिच्या हॉस्टेलला लावा.

प्रश्न : आमचे हे ‘कमवा आणि शिका’तून शिकले. मुलानंही स्वतःच फी भरावी म्हणतात. बरोबर आहे का?

त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही वाट घातली आणि शिवाजी विद्यापीठात ती आजही चालू आहे. पण आजची खासगी व्यावसायिक कॉलेजची फी अर्धवेळ कामातून निघत नाही. फी भरण्यासाठी पोरगं रात्रपाळी करू लागलं तर विषय राहतात, वर्ष वाया जातं आणि खर्च वाढतो. मुलानं मेस आणि हातखर्चापुरतं कमवावं, फी तुम्ही भरा. पहिलं सत्र मात्र त्याला कामाला लावू नका.