घरच्या वर्कबेंचला वर कुठलं लाकूड टाकू आणि लोखंडी फ्रेमला कसं बसवू?

बजेट कमी असेल तर सरळ १८ एमएमच्या प्लायचे दोन थर फेविकॉल लावून स्क्रूने आवळा, पावसाळ्यात फारसं फुगत-वाकत नाही आणि छिन्नी-हातोडीचं काम आरामात होतं. पण अख्खं लाकूडच हवं असेल तर नवीन सागवान घेऊ नका, फार महाग पडतं, त्यापेक्षा जुन्या वाड्याच्या दारांचं, तुळयांचं सागवान वखारीत शोधा. ते इतकी वर्षं सुकलेलं असतं की नंतर फारसं वळत नाही. फक्त रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा नाहीतर पात्याची धार गेलीच. जाडी दीड-दोन इंच तरी ठेवा.

आता बसवायचं, आणि इथेच सगळे चुकतात. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही पण रुंदीत वाढतं, दोन फूट रुंद फळी जून ते मे मध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, सहज हलते, म्हणून चारी बाजूंनी घट्ट बोल्ट मारले की ती मधे चिरणारच. मधला बोल्ट घट्ट, कडेच्या बोल्टांची फ्रेममधली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, मोठे वायसर टाका, आणि फार पिळू नका.

जवसाचं तेल खालच्या बाजूलाही लावा, एकाच बाजूला लावलं तर फळी वाटीसारखी होते. आणि तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका हं, आपोआप पेटतात, उलगडून बाहेर वाळवा.