वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मूल आणि चित्रांचे ॲप

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिझम असलेला) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. तो आठ-दहा शब्द बोलतो. पण हवे ते सांगता आले नाही, की हात धरून ओढतो किंवा लोळण घेऊन रडतो. स्पीच थेरपिस्टनी चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारे ॲप सुरू करायला सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, त्याला मोबाईलची चटक लागेल आणि बोटाने काम भागल्यावर तो बोलणेच सोडून देईल. मलाही तीच धास्ती वाटते.
— एक आई, नाशिक

उत्तर : बोलणे थांबेल ही भीती मनातून काढून टाका. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात, चित्रे, खुणा किंवा यंत्रे यांचा आधार दिलेल्या ज्या २७ व्यक्तींच्या नोंदी सर्वांत काटेकोर होत्या, त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे ते थोडेफार वाढलेच होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. उच्चारलेला शब्द क्षणात विरून जातो, चित्र मात्र मूल पाहत असेपर्यंत समोर राहते, आणि त्यावर बोट ठेवताच तोच शब्द दर वेळी त्याच आवाजात ऐकू येतो. शिवाय आपले म्हणणे समोरच्याला कळते, हा अनुभव मुलाला प्रथमच मिळतो, आणि माझ्या मते पुढच्या प्रगतीचा पाया तोच असतो.

मात्र एक गोष्ट सांभाळायला हवी. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची जी पद्धत तयार केली, तिच्यात मूल चित्राचे कार्ड उचलून माणसाच्या हातात देते आणि त्या बदल्यात वस्तू मिळवते. ॲपमध्ये हा ‘माणूस’ हरवण्याचा धोका असतो, कारण मूल कोपऱ्यात बसून एकटेच बटणे दाबत राहू शकते. म्हणून सुरुवातीला त्याच्या समोर बसा, त्याने ‘पाणी’ दाबले की लगेच पाणी द्या, आणि तुम्ही स्वतः बोलतानाही त्याच चित्रांवर बोट ठेवत जा. ‘हे काय आहे, सांग’ अशी परीक्षा घेऊ नका. पहिल्या चार-पाच चित्रांत ‘नको’ अवश्य असू द्या आणि शक्य तेथे त्या नकाराचा मानही राखा. ज्या मुलाला नकार देता येतो, त्याला लोळण घेण्याची गरज कमी पडते.

ॲप निवडताना घरची भाषा पाहा. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प (डिझाइन) विभागात तयार झालेले ‘जेलो’ विनामूल्य असून मराठीतही आहे, आणि आवड-नावड, होकार-नकार, अधिक-कमी अशा सहा भावांची बटणे त्यात चित्रांच्या जोडीला असतात. चेन्नईत विकसित झालेले ‘आवाज’ हेही भारतात पुष्कळ वापरले जाते. कोणतेही घेतलेत तरी, आजीचा, वरणभाताच्या ताटाचा, दाराबाहेरच्या झोपाळ्याचा असे घरचे फोटो घालता येतात का, हे थेरपिस्टना विचारा.

चटक लागण्याविषयी सासूबाईंची शंका रास्त आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा अधिक काळ पडदा दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सुचवले आहे. मी बोलण्याचे ॲप त्या तासात धरणार नाही, परंतु ज्या मोबाईलवर मूल कार्टून पाहते, तोच बोलण्यासाठी देऊ नये. जुना फोन किंवा टॅब्लेट वेगळा ठेवा, त्यात व्हिडिओ काही ठेवू नका, आणि ते ॲप सोडून दुसरे उघडणार नाही असे सेटिंग करून घ्या. चार्जिंग संपले म्हणून मूल मुके होता कामा नये, यासाठी तीच चित्रे छापून, लॅमिनेट करून एक प्रत स्वयंपाकघरात आणि एक प्रवासाच्या पिशवीत ठेवा. आजींना त्यातली खाऊची चित्रे द्या. त्याने बोट ठेवावे आणि त्यांनी खाऊ द्यावा.

प्रश्न : माझी स्वमग्न मुलगी अकरा वर्षांची आहे. सकाळची कामे एकामागून एक चित्रांनी दाखवणारे ॲप आम्ही दोन वर्षे वापरतो. आता मोबाईल वाजल्याशिवाय ती दात घासायलाही उठत नाही. ॲप बंद करावे का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : एकदम बंद करू नका. ‘मला हे हवे आहे’ सांगणारी चित्रे हा मुलीचा आवाज असतो, तो कधीच काढून घ्यायचा नसतो. ‘आता हे कर’ सांगणारी चित्रे हा आधार असतो, तो हळूहळू कमी करायचा असतो. प्रथम आवाज बंद करून तिला पडद्याकडे स्वतः पाहू द्या. नंतर तीच चित्रे कागदाच्या पट्टीवर लावा, म्हणजे काम झाले की ते चित्र तिला उलटे करता येईल. जी कामे हातवळणी पडली आहेत, त्यांची तीन-चार चित्रे मिळून एकच करा, आणि ती वाचत असेल तर चित्राच्या जागी शब्द लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि तो अंगवळणी पडल्यावरच पुढचा घ्या. पट्टी शेवटपर्यंत राहिली तरी त्यात कमीपणा नाही. अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्ती रोजच्या कामांसाठी अशी यादी आनंदाने वापरतात. सुट्टी, पाहुणे किंवा पावसामुळे क्रम बदलणार असेल, तर ‘आज बदल’ असे ठळक रंगाचे कार्ड आदल्या रात्रीच पट्टीवर लावून तिला दाखवा.