रोनिन, पाईक आणि भाताचं वाडगं

प्रश्न असा आहे: अकिरा कुरोसावाचा १९५४ सालचा 'सेव्हन सामुराई' घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवायचा आहे आणि त्यासाठी मराठी उपशीर्षकं लिहिणं चालू आहे. 'सामुराई'ला 'योद्धा' आणि 'रोनिन'ला 'शिलेदार' किंवा 'भटका योद्धा' चालेल का?

शिलेदार नको. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला स्वार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. घोडा स्वतःचा असला तरी शिलेदाराला धनी असतोच. रोनिनचं दुखणं नेमकं तिथे आहे. तलवार आहे, ती चालवायची विद्या आहे, पण जिच्यासाठी चालवायची ती चाकरी उरलेली नाही. धनी लढाईत पडला, घराणं बुडालं किंवा त्यानेच याला काढून टाकलं. शब्दाची फोड केली तर 'रो' म्हणजे लाट आणि 'निन' म्हणजे माणूस. लाट नेईल तिकडे जाणारा. त्यामुळे 'भटका' अगदीच चूक नाही, पण मराठीत भटका म्हटलं की फिरण्याची हौस नाहीतर पिढीजात भटकंती डोळ्यांपुढे येते. आधार सुटल्याची कळ त्यात येत नाही. (आजच्या जपानात विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत अपयश येऊन पुढच्या वर्षीची तयारी करणाऱ्या मुलालाही रोनिनच म्हणतात. शाळा सुटली, कॉलेज मिळालं नाही, मधल्या पाण्यात.)

आता 'सामुराई'. हा शब्द 'साबुराउ' या जुन्या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ थोरामोठ्यांच्या सेवेत हजर असणं. मुळात लढाई त्यात नाहीच! लढणाऱ्यासाठी जपानीत 'बुशी' हा वेगळा शब्द आहे. म्हणून 'योद्धा' मला उणा वाटतो. याच्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द 'पाईक'. पाईक म्हणजे मुळात पायदळातला शिपाई, पण तुकोबांच्या पाईकीच्या अभंगांत शिपाईगिरी आणि विठ्ठलाची सेवा एकाच शब्दात नांदतात, आणि आजही आपण कुणाला एखाद्या विचाराचा पाईक म्हणतो. पाईक शिपायाकडून सेवकाकडे आला, सामुराई सेवकाकडून शिपायाकडे गेला. दिशा उलट्या, वाट तीच. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

तरीही उपशीर्षकात 'पाईक' घालू नका. किमोनो घातलेल्या माणसाला पाईक म्हटलं की कान अडखळतो. 'सामुराई' तसाच ठेवा. 'रोनिन' पहिल्यांदा येईल तिथे 'बिनधन्याचा सामुराई' लिहा, पुढे नुसतं 'रोनिन' चालेल. पाईक हा शब्द मनात मात्र असू द्या, कारण एका प्रसंगी तो तुम्हाला लागणार आहे.

दरोडेखोरांपासून गाव वाचवायला शेतकरी सामुराई शोधत शहरात आलेले असतात. द्यायला पैसा नाही, फक्त जेवण. ताकाशी शिमुराने रंगवलेला वयस्क काम्बेई हे जमणारं नाही म्हणतो. तेव्हा त्याच धर्मशाळेत उतरलेला एक मजूर भाताने भरलेलं वाडगं उचलून त्याच्यापुढे धरतो आणि सांगतो की हे लोक तुम्हाला भात वाढतात आणि स्वतः 'हिए' खातात. हिए म्हणजे वरईसारखं भरड धान्य. इथे उपवासाला नव्हे, रोजचं पोट भरायला. काम्बेई ते वाडगं हातात घेतो आणि म्हणतो, 'कोनो मेशी, ओरोसोका नि वा कुवान झो.'

माझ्या मते अख्ख्या चित्रपटात भाषांतराची खरी कसोटी हीच ओळ. धनी नसलेला माणूस इथे पुन्हा कुणाच्या तरी सेवेत उभा राहतो, आणि ज्यांच्या सेवेत तो उभा राहतो ते शेतकरी आहेत. बहुतेक ठिकाणी 'तुमचा त्याग वाया जाऊ देणार नाही' अशा धर्तीचं काहीतरी लिहिलं जातं. त्यात भात नाहीसा होतो. 'ओरोसोका नि' म्हणजे बेपर्वाईने, किंमत न ठेवता. शब्दशः घेतलं तर 'हा भात मी बेपर्वाईने खाणार नाही'. पण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ते पाईकाचंच ब्रीद आहे. तेव्हा सरळ लिहा: 'या भाताला जागेन.' वाक्य पडद्यावर क्षणभरच असतं, तीन शब्द आरामात वाचून होतात.