अमेरिकन फुटबॉलमधले जॉर्ज हॅलास नेमके कोण होते?

खेळाडू, प्रशिक्षक आणि मालक, तिन्ही एकच माणूस! जन्म शिकागोचा, १८९५. १९२० साली ओहायो राज्यातल्या कॅन्टनमधल्या मोटारींच्या शोरूममध्ये जी बैठक झाली, तिच्यातूनच आजची एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, उभी राहिली; त्या बैठकीला हॅलास होते. स्टार्च कारखान्याचा संघ त्यांनी शिकागोला नेला, तोच आजचा शिकागो बेअर्स संघ. १९२३ मध्ये नामांकित खेळाडू जिम थॉर्पच्या हातून निसटलेला चेंडू उचलून ते ९८ यार्ड पळत सुटले, मागे थॉर्प! हा विक्रम १९७२ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. मला हीच धाव सगळ्यात भावते. पुढे प्रशिक्षक म्हणून ४० हंगाम, सहा विजेतेपदं. १९४० च्या अंतिम सामन्यात तर वॉशिंग्टनला ७३-० धूळ चारली. १९८३ मध्ये ते गेले. बेअर्सच्या जर्सीच्या बाहीवर त्यांची आद्याक्षरं आजही आहेत.