शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

इंडक्शन शेगडी आणि ओव्हन यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : इंडक्शनवर कुकरच्या तीन शिट्ट्या बघता बघता होतात. भात होतो, पण तूरडाळीत कण राहतो. गॅसवर तेवढ्याच शिट्ट्यांत डाळीचं वरण एकजीव होतं. शेगडी बिघडली आहे का? — वाचक, कराड

शेगडी ठीक आहे. डाळ किती शिजेल, हे कुकरमध्ये वाफेचा दाब किती मिनिटं टिकला यावर ठरतं. शिट्टी ही फक्त जास्तीची वाफ बाहेर पडल्याची खूण. गॅसच्या जाळातली बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते. त्यामुळे १६००-१८०० वॅटवर पाणी भराभर उकळतं, एकामागून एक शिट्ट्या सुटतात आणि डाळीला शिजायला वेळच मिळत नाही.

एक वाटी डाळ अर्धा तास भिजवा. डब्यात डाळीच्या अडीचपट आणि कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी घाला. १२०० वॅटवर पहिली शिट्टी होऊ द्या. मग लगेच ४००-५०० वर आणून दहा-बारा मिनिटं घड्याळ लावा. या वेळात एखादी शिट्टी झाली किंवा नुसती फुसफुस चालू राहिली तरी चालेल. वाफ अजिबात दिसत नसेल, तर वॅट थोडे वाढवा. नंतर शेगडी बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या. शेवटची पाच-सात मिनिटंही डाळ शिजतच असते. तळाच्या पाण्यात काटकसर नको. पूर्ण जोरावर ते लवकर आटतं, कुकर कोरडा पडतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जातो.

आणखी एक गोष्ट. ४०० वॅट दाखवणाऱ्या बऱ्याच शेगड्या खरोखर मंद चालत नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, मग थांबतात. कान देऊन ऐकलंत, तर गुणगुण मध्येच बंद पडलेली कळेल. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध खाली लागतं ते यामुळेच. दुधाला, खिरीला जाड बुडाचं भांडं घ्या आणि तळाशी चमचाभर पाणी घालून मगच दूध ओता.

प्रश्न : शेगडी एक्स्टेन्शन बोर्डवर लावली आहे. प्लग तापतो, पिनेजवळ तपकिरी डाग पडला आहे. — वाचक, नाशिक

आजपासून तो बोर्ड शेगडीला वापरू नका. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. छोट्या तीन पिनांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. त्यावर पंखा, मिक्सर ठीक. शेगडीला १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं, त्यामागे तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि चालू स्थितीतलं अर्थिंग. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे ॲडॉप्टर दुकानात मिळतात, तेही या कामाला घेऊ नका. तपकिरी डाग म्हणजे आतली पकड सैल होऊन ती जागा तापत असावी. सॉकेट आणि प्लग दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

घरात ओव्हनही असेल, तर दोन्ही एकाच लायनीवर एकदम चालवू नका. २००० आणि १५०० वॅट मिळून पंधरा अँपिअरच्या वर जातं, १६ अँपिअरच्या एमसीबीची (जास्त वीज ओढली गेली की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचची) जवळपास सगळी ताकद तिथेच संपते.

शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरायची सवय अनेक घरांत आहे. शेगडीतला पंखा खालूनच हवा ओढतो. कागद जाळीला चिकटला की आतलं सर्किट तापतं. मागे भिंतीपासून चार बोटं तरी जागा ठेवा. स्वयंपाक झाला की पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका.

प्रश्न : माझ्या जुन्या भांड्यांतली कुठली चालतील? भाकरीचं काय? — वाचक, सोलापूर

फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. ॲल्युमिनियम, हिंडालियम, पितळ आणि बरंचसं स्टीलही चालत नाही. बूड सपाट हवं, साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बऱ्याच शेगड्या ते ओळखतच नाहीत.

भाकरीला सपाट बिडाचा किंवा लोखंडी तवा घ्या. सुरुवातीची चार-पाच मिनिटं ६००-८०० वॅटवरच तापवा; एकदम पूर्ण जोर दिला तर मधला भाग तापतो, कडा गार राहतात आणि बिडाला तडा जाऊ शकतो. जाळ नसल्यामुळे भाकरी तव्यावरच फुगवावी लागते. दुसरी बाजू भाजली की उलटा आणि फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने दाबा.

फोडणीत जपा. तेल गॅसपेक्षा फार लवकर तापतं आणि खुणेचा जाळ नसतो. कढई ८०० वॅटवर ठेवा, मोहरी हाताशी असू द्या. रिकामं नॉनस्टिक भांडं कधीच तापवू नका.

प्रश्न : ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) नानकटाई खालून करपते, वरून पांढरीच राहते. १८० अंशांवर वीस मिनिटं ठेवते. — वाचक, डोंबिवली

ट्रे काळा असेल आणि खालच्या खाचेत ठेवत असाल, तर असंच होणार. ट्रे मधल्या खाचेत घ्या, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा, आणि ओव्हन आधी पंधरा मिनिटं रिकामा तापवा. १६० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटं पुरतात. नानकटाई पांढरट दिसतानाच बाहेर काढायची असते. गरम असताना ती मऊ लागते, गार झाली की खुसखुशीत होते. रंग येईपर्यंत थांबलात, की खालची बाजू गेलीच म्हणून समजा.

छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस अंशांचाही फरक असू शकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, तेवढा खर्च जरूर करा. आणि गरम दाराच्या काचेला ओलं फडकं लावू नका, ती तडकते.

प्रश्न : सासऱ्यांना पेसमेकर बसवला आहे. त्यांनी इंडक्शन वापरावी का? — वाचक, पुणे

आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना पेसमेकरचं कार्ड दाखवून विचारा. साधारण सल्ला असा, की चालू शेगडी आणि पेसमेकर यांत किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर राहावं. ढवळताना माणूस वाकतो तेव्हा ते सहज कमी होतं. त्यामुळे डॉक्टरांचं उत्तर मिळेपर्यंत त्यांचा चहा गॅसवर किंवा विजेच्या किटलीत होऊ द्या.