शाल नको, जवारी विचारा

प्रश्न : वडील रात्री रेडिओ लावायचे. तिथं एका गायिकेचं गाणं ऐकलं आणि हट्टानं गाणं शिकले. आता सत्तरी ओलांडलेल्या त्या बाई मिरजेच्या उरुसात गायला येणार आहेत. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावासा वाटतो. संयोजक नुसतं 'बघू' म्हणतात. काय करू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, शाल राहू द्या. बाईंच्या कपाटात शालींचे थर असतील. शिवाय ती जागा हजेरीची. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली दक्षिणेत प्रवासात वारले, पण त्यांची कबर मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. गवई तिथं सेवा म्हणून गातात. मध्येच कुणी नारळ हातात दिला की गाणाऱ्यालाच अवघडतं.

माझीही फजिती झालीय. मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला. विशीत ज्या बुवांच्या ख्यालानं वेड लावलं होतं, त्यांच्या उतरायच्या खोलीवर झेंडूचा जाडजूड हार घेऊन गेलो. बुवा तानपुरा लावत होते. वाकलो, हार खुंटीत अडकला आणि लावलेली तार उतरली! बुवा रागावले नाहीत. 'घर कुठं?' एवढंच विचारलं. गल्लीचं नाव ऐकल्यावर म्हणाले, 'मग हार कशाला आणलास? कारागीर आण. खर्ज दबतोय.' खर्ज म्हणजे तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार.

धावत जाऊन काकांना आणलं. त्यांनी तारा सैल केल्या, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून हलक्या हातानं कानस फिरवली, मग तारेखालचं सूत केसभर इकडं, केसभर तिकडं. तासभर तेच. यालाच जवारी करणं म्हणतात. खर्ज घुमायला लागला तसे बुवांनी डोळे मिटले. काकांना शेजारी बसवून चहा पाजला. मी दाराशी हार घेऊन उभा. तो संध्याकाळी घरच्या गणपतीला घातला.

तेव्हा बाईंच्या शिष्येला गाठा. तानपुरा सोबत आणणार आहेत का, जवारी करून हवी का, विचारा. हल्ली बरेच जण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागवतात, त्यामुळे 'नको' म्हणाल्या तर आग्रह नको. 'हो' म्हणाल्या तर कारागिराचे पैसे तुम्ही द्या, आणि काम आदल्या दिवशीच उरका. ऐन मैफलीच्या दिवशी घोडीला हात लावू देऊ नका. नेता-आणताना भोपळा सांभाळा, धक्क्यानं तडकतो.

बाई विचारतील, 'तुम्ही गाता का?' तेव्हा 'छे हो, असंच आपलं' म्हणू नका. रेडिओवरचा तो राग कुठला होता, ते सांगा. आणि त्यांनी सा लावायला सांगितला, तर लावा.